अण्णा रोज सदाफुलीची सात पानं खातात, थांबवू कसं?

पालशेतची लेक

नमस्कार मंडळी. माझं माहेर गुहागर तालुक्यातलं पालशेत, लग्न झाल्यापासून मी चिपळूणला असते. प्रश्न माझ्या वडिलांचा आहे. अण्णा ७१ वर्षांचे, पोस्टातून निवृत्त झालेले. नऊ वर्षांपासून साखर आहे. मेटफॉर्मिन दोन वेळा, सकाळी ग्लिमेपिराइड आणि ब्लडप्रेशरची एक गोळी असं चालू होतं. 'होतं' म्हणते, कारण आता नक्की काय चालू आहे तेच मला कळेनासं झालंय.

दिवाळीला घरी गेले होते. पहाटे मागल्या दारी आले तर अण्णा गडग्याशी उभे. आमच्या चिऱ्याच्या गडग्यावर सदाफुली आपली आपण उगवते, कोणी लावलेली नाही, बाराही महिने गुलाबी फुलं असतात. त्यातली पानं त्यांनी एकेक करून खुडली, दोणीतल्या पाण्यात धुतली आणि उभ्याउभ्याच चावायला लागले. सात पानं, मोजून. शेवटी दोन फुलं. तोंड असं वाकडं झालं की किती कडू असेल ते लांबूनही कळत होतं. वर तांब्याभर पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "गणपतीपासून चालू केलंय. संध्याकाळची गोळी बंद केली."

भजनी मंडळातल्या कोणीतरी त्यांना हे सांगितलं आणि मोबाइलवर एक मेसेजही दाखवला. अण्णांची डायरी असते, पोस्टातली सवय. रोजची उपाशीपोटीची साखर त्यात लिहितात. गणपतीच्या आधी १६०, १७२, १६५ अशी होती. आता ११८, १२२. ते पान माझ्यासमोर धरून म्हणाले, "नऊ वर्षं गोळ्या खाऊन जे झालं नाही ते ह्या फुकटच्या पाल्यानं केलं." आकडे खरे आहेत. माझ्याकडे बोलायला काहीच नव्हतं.

पण आई म्हणते की सकाळी अकराच्या सुमाराला त्यांना दोनदा दरदरून घाम आला आणि हात थरथरले. पायाला मुंग्या येतात म्हणतात, पोटही साफ होत नाही. आणखी एक, भावाचा मुलगा चार वर्षांचा आहे. आजोबा खातात म्हणून तोही फूल तोंडात घालतो. मी ते काढून घेतलं तर अण्णाच मला म्हणाले, "अगं, औषधच आहे ते."

अण्णांना मी आजवर एकदाही 'हे करू नका' म्हटलेलं नाही. आमच्यात तशी पद्धतच नाही. त्यामुळे कोणाला खरी माहिती असेल तर सांगा. सदाफुलीनं साखर उतरते का? ती विषारी आहे का? आणि थांबवायचं झालं तर त्यांना न दुखावता कसं?


आचऱ्याचो झील

ताई, मी आचऱ्याचो. आमच्या आजयेक गावातलो सगळो पालो ठावक होतो. लहानपणी कलमांच्या बागेत माका गांधीलमाशी चावली, तेव्हा तिना सदाफुलीचो पालो हातार चुरगाळलो आणि रस लावलो. ठणको कमी झालो ह्या नक्की आठवता. पण पोटात घेवक तिना कधी कोणाक दिल्यान नाय. बकरी ज्येका तोंड लावणा नाय ता माणसान कित्याक खावचा, असा ती म्हणायची. बघा, गडग्यावरचा सगळा बकऱ्यो खातत, सदाफुली मात्र तशीच ऱ्हवता.


सुपारीबाग

उगाच घाबरू नका. माझे काका चार वर्षं खातायत, ठणठणीत आहेत. आयुर्वेदात सदाफुली मधुमेहावर सांगितलेलीच आहे. नैसर्गिक गोष्टीचा अपाय होत नाही. गोळ्यांचाच होतो. आकडे उतरलेत ना? मग चालू द्या.


निवृत्त सिस्टर, देवगड

पालशेतच्या ताई, आधी आजच्या आज करायचं ते सांगते, बाकीचं नंतर निवांत वाचा.

अकराच्या सुमाराला आलेला घाम आणि थरथर मला साखर उतरल्याची वाटते. ग्लिमेपिराइड साखर खाली ओढते. त्यावर उपाशीपोटी पाला, आणि नाश्त्याला उशीर झाला की असं होऊ शकतं. पुन्हा झालं तर तिथल्या तिथे मशीनवर साखर बघायला आईंना सांगा. ७० च्या खाली असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायची. मशीन हाताशी नसेल तर वाट बघू नका, साखर आधी द्या. माणूस शुद्धीत नसेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. आणि कुठली गोळी घ्यायची, कुठली सोडायची हे त्यांच्या डॉक्टरांना ह्याच आठवड्यात विचारा. पाल्याबद्दल लपवू नका. फांदीच घेऊन जा सोबत.

लहानग्याच्या हातून फूल काढून घेतलंत ते योग्यच केलंत. सदाफुलीचं सगळंच झाड पोटात जायला वाईट, मूळ, पान, फूल सगळं. घरात कोणी गरोदर असेल तर तिला ह्याचा काढा चुकूनही देऊ नका.

आता मी हे इतकं ठामपणे का लिहिते ते सांगते. मी २६ वर्षं मुंबईत नर्सिंग केलं. त्यातली ११ वर्षं एका मोठ्या रुग्णालयात लहान मुलांच्या कॅन्सरच्या वॉर्डात होते. तिथे आठवड्यातले तीन-चार दिवस माझ्या हातात सदाफुलीच असायची. व्हिन्क्रिस्टिन नावाचं औषध ह्याच झाडाच्या पानांतून निघतं. सदाफुलीचं जुनं शास्त्रीय नाव व्हिन्का, म्हणून औषधाच्या नावात 'व्हिन'. तिचंच दुसरं औषध व्हिन्ब्लास्टिन. रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना व्हिन्क्रिस्टिन सुरुवातीपासून देतात. साठ वर्षांपूर्वी अशा दहा मुलांतलं एखादंच वाचायचं. आज जिथे सगळी औषधं वेळेवर मिळतात तिथे दहातली नऊ वाचतात, आणि त्या औषधांमध्ये ही सदाफुली आहे. माझ्या दारातल्या गडग्यावरही ती आहे. मला तिच्याबद्दल किती वाटतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. म्हणून कोणी तिला 'साधा पाला' म्हटलं की राहवत नाही.

ते औषध आम्ही कसं द्यायचो ऐका. कुपी फ्रिजमध्ये, उजेड लागू नये म्हणून झाकलेली. मुलाचं वजन आणि उंची घेऊन त्यावरून अंगाचं क्षेत्रफळ काढायचं, त्यावरून डोस. पाच-सहा वर्षांच्या पोराला साधारण एक मिलिग्रॅम. मोहरीचा दाणाही त्याहून जड असतो. मोठ्या माणसालाही एका वेळी बहुधा दोन मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत. डोस दोन नर्सनी वेगवेगळा तपासायचा. लेबलवर लिहिलेलं असायचं की फक्त शिरेतूनच, कारण चुकून मणक्यात दिलं गेलं तर माणूस वाचत नाही. सुई शिरेत नीट बसली आहे ना हे पाहायला आधी रक्त मागे येतंय का बघायचं, सलाइन सोडून बघायचं, आणि मग हळूहळू औषध. एक थेंब जरी शिरेच्या बाहेर मांसात गेला तरी तिथली कातडी जळते. इतर काही औषधं अशी बाहेर गेली तर थंड शेक देतात, ह्याला गरम द्यायचा. हे सगळं मला अजून झोपेतही आठवतं.

एक कोळ्याचं पोरगं होतं, सहा वर्षांचं. पाच-सहा डोस झाल्यावर वॉर्डात चालताना त्याची एका पायातली चप्पल मागे राहायची आणि तो तसाच पुढे जायचा. पायाला कळतच नसे. पाऊल वर उचलेना. आई मागून चप्पल उचलून आणायची. व्हिन्क्रिस्टिन नसांना असं धरतं. आतड्याच्या नसाही मंदावतात, म्हणून पोट साफ होत नाही. मुलांना आम्ही पहिल्या दिवसापासून त्याचं औषध द्यायचो. डॉक्टरांनी डोस कमी केला आणि काही महिन्यांनी त्याचं पाऊल सुधारलं.

हे वाचून लगेच असं समजू नका की अण्णांच्या मुंग्या पाल्यामुळेच आहेत. नऊ वर्षांच्या साखरेनंही पायाच्या नसा बधिर होतात. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं तर बी १२ जीवनसत्त्व कमी होतं, त्यानंही मुंग्या येतात. म्हणजे तीन कारणं एकाच पायात. आधीच साखरेनं दुबळ्या झालेल्या नसांवर आणखी नसांना धरणारा पाला कशाला घालायचा, एवढंच माझं म्हणणं. बी १२ तपासून घ्या. सोबत सीबीसी करा, त्यात पांढऱ्या पेशी कळतात. किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लिव्हरचीही तपासणी करा. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) तर हवीच.

सुपारीबाग यांना. तुमचे काका बरे आहेत, बरेच राहोत. पण सदाफुली आपल्या जुन्या ग्रंथांतली नाही. ती मूळची मादागास्करची. बागेतलं शोभेचं झाड म्हणून जगभर गेली आणि जिथे गेली तिथे माजली. चरक-सुश्रुतांच्या काळी ती इथे नव्हतीच. तिच्या जातभाईंमध्ये आठ प्रकार आहेत, सात मादागास्करचे आणि एकच आपल्याकडचा, तोही वेगळा, बारीक पांढऱ्या फुलांचा. साखरेवर तिचा वापर लोकांनीच चालू केला, आणि नुसता कोकणात नाही. जमैकात तिचा चहा पितात, फिलिपिन्समध्येही पितात. हा लोकानुभव मी हसण्यावारी नेत नाही, कारण कॅन्सरचं औषध त्यातूनच सापडलं.

ती गोष्ट अण्णांना जरूर सांगा. १९५२ साली जमैकातून एका रुग्णानं कॅनडातल्या डॉक्टर क्लार्क नोबल यांना पाकिटातून ही पानं पाठवली, आमच्याकडे साखरेवर हा चहा घेतात म्हणून. हे क्लार्क नोबल म्हणजे १९२१ साली टोरोंटोत इन्सुलिनचं काम सुरू होताना हजर असलेले. इन्सुलिन शोधणाऱ्या बॅन्टिंगच्या हाताखाली आधी कोणी लागायचं ह्यासाठी त्यांनी आणि बेस्ट ह्या दुसऱ्या विद्यार्थ्यानं नाणं उडवलं, नंबर बेस्टचा लागला. क्लार्क यांनी पानं आपल्या भावाकडे, रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. रॉबर्ट यांनी उंदरांना काढा पाजला. साखर काही हलली नाही. मग अर्क टोचला. उंदीर मेले, पण साखर उतरून नाही. त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी संपल्या होत्या आणि साध्या जंतूंनी त्यांचा घास घेतला. पांढऱ्या पेशी इतक्या उतरतात तर पांढऱ्या पेशींच्याच कॅन्सरवर हे चालेल, असं तिथून सुचलं. रॉबर्ट यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांनी पानांतून तो पदार्थ, म्हणजे व्हिन्ब्लास्टिन, वेगळा काढला आणि १९५८ साली तो जाहीर झाला. त्याच सुमाराला अमेरिकेतल्या दुसऱ्या एका गटालाही उंदरांच्या ल्युकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरवर, ह्याच झाडाचा गुण आला. १९६३ साली व्हिन्क्रिस्टिनला तिथे मान्यता मिळाली.

अण्णांच्या हातात आहे तेच पान, त्याच दुखण्यासाठी.


रेवदंड्याहून

सिस्टर, खूप माहिती मिळाली. एक शंका आहे, राग मानू नका. मी वाचलंय की एक ग्रॅम औषध काढायला शेकडो किलो पानं लागतात. मग सात पानांत असं कितीसं असणार? त्यानं अपाय होईल असं म्हणायचं आणि गुण मात्र येणार नाही म्हणायचं, हे जुळत नाही.


निवृत्त सिस्टर, देवगड

राग कसला, प्रश्न अगदी बरोबर आहे. एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टिनला साधारण ५०० किलो वाळलेली पानं लागतात, व्हिन्क्रिस्टिनला त्याच्या कितीतरी पट. म्हणजे एका टेम्पोभर पाल्यातून चिमूटभर. आणि तोंडावाटे घेतलेलं व्हिन्क्रिस्टिन आतड्यातून भरवशानं रक्तात जात नाही, म्हणूनच ते शिरेतून देतात. त्यामुळे सात पानांनी कोणाच्या पांढऱ्या पेशी संपतील असं मी म्हणत नाही.

पण पानात काही हे दोनच पदार्थ नसतात. शंभराहून जास्त अल्कलॉइडं, म्हणजे झाडातली अंगावर परिणाम करणारी द्रव्यं, ह्या एका झाडात सापडली आहेत. मुळांतलं अजमॅलिसिन रक्ताभिसरणावर काम करतं, त्यासाठी आपल्या देशातून मुळं परदेशी जायची, तामिळनाडूत तर शेतात लावून पीक घेतात. काही पदार्थ प्राण्यांवरच्या प्रयोगांत साखर खाली आणताना दिसलेत, हेही खरं आहे, ते मी दडवणार नाही. पण कुठल्या पानात काय किती, हे कोवळं-जून, पाऊस-ऊन, माती ह्यावर बदलतं. भाद्रपदातली सात पानं आणि वैशाखातली सात पानं सारखी नाहीत. आणि अण्णा तर ब्लडप्रेशरची गोळीही घेतात.

आपल्या कोकणी माणसाला हे खरं तर वेगळं सांगायला नको. सदाफुलीचं कुटुंब आपल्या दाराशीच आहे. करवंद त्यातलंच, ते पोटभर खातो. कुडा त्यातलाच, शेंगांची भाजी करतो आणि साल जुलाबावर देतो. सातवीण, कण्हेर, रुई, सर्पगंधा, सगळी एकाच घरची. बिट्टीही त्यातलीच, आणि तिच्या बिया तोंडात घालायच्या नाहीत हे इथल्या पोरासोरांनाही माहीत असतं. कुड्याची साल किती उगाळायची हे ज्याच्या आजीला माहीत होतं त्यानंच ती द्यायची. सात पानांचं माप कोणत्या आजीनं ठरवलं? ते आलं मोबाइलवरून. आचऱ्याच्या भाऊंच्या आजीनं रस वरून लावला आणि पोटात दिला नाही, ती बाई जाणती होती.


दापोलीचा माळी

विषय थोडा वेगळा, पण ताई, रागाच्या भरात झाडं उपटू नका. खाऱ्या वाऱ्यात, पुळणीत, चिऱ्याच्या फटीत, जिथे गुलाबाचा जीव जातो तिथे सदाफुली हसत उभी असते. बियाणं टाकायला लागत नाही. जोडीजोडीनं बारीक शेंगा येतात, त्या तडकल्या की काळ्या, बारीक बिया पडतात, मुंग्याही त्या वाहून नेतात. त्यामुळे ती उपटून संपतही नाही.

आमच्याकडे पावसाळ्यात जमिनीतली सदाफुली हमखास सडते, मुळाशी पाणी साठलं की खोड काळं पडतं आणि एका दिवसात मान टाकते. गडग्यावरची मात्र जगते, कारण पाणी थांबत नाही. तुमची म्हणूनच बाराही महिने फुलते. फुलाच्या मधोमध केसाएवढी नळी असते, फुलपाखराची सोंडच तिथवर पोचते. अर्धा तास बसून बघा एकदा सकाळी. पोरगं लहान आहे तोवर त्याच्या हाताला लागतील तेवढ्या फांद्या छाटा. छाटल्यानं भरगच्चच होईल.


पालशेतची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचं लिहिलेलं मी तीनदा वाचलं, मग भावाला वाचून दाखवलं. चपलेचं वाचल्यावर तो उठून बाहेर गेला.

अण्णांना मी थेट काही बोलले नाही. फोनवर फक्त ती जमैकाच्या पाकिटाची गोष्ट सांगितली. पोस्टातला माणूस, पाकिटातून पानं गेली म्हटल्यावर कान टवकारले. कुठून कुठे, किती दिवस लागले असतील, सगळं विचारलं. उंदरांचं सांगितल्यावर गप्प झाले. मग म्हणाले, "पण माझे आकडे?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही. १७२ चे ११८ झाले ते खोटं कसं म्हणू? डॉक्टरांकडे सोमवारी जायचंय.


निवृत्त सिस्टर, देवगड

खोटं म्हणूच नका. त्यांच्या मोजण्याचा मान ठेवा. फक्त ती डायरी घेऊन त्यांच्या शेजारी बसा आणि विचारा, पाला सुरू केला त्या दिवसांत आणखी काय काय बदललं? जेवण, झोप, चालणं, उपास, कुठलंही. पोस्टातल्या माणसानं लिहून ठेवलं असेल. आणि उपाशीपोटीचे आकडे एका ओळीत धरून चालणार नाही, जेवणानंतर दोन तासांचेही घ्यायला सांगा. संध्याकाळची गोळी बंद असताना खरी गडबड तिथे दिसेल.

डॉक्टरांपुढे त्यांना स्वतःलाच बोलू द्या. मुलीनं तक्रार केली असं त्यांना वाटायला नको.


पालशेतची लेक

उशिरा लिहिते आहे, पण सगळं झाल्यावर लिहायचं ठरवलं होतं.

रविवारी पालशेतला गेले. पडवीत अण्णांच्या शेजारी बसून डायरी उघडली. गणपतीच्या नंतरच्या पानावर त्यांच्याच अक्षरात आहे: 'रात्री भात बंद. भाकरी एक.' दोन दिवसांनी: 'चहा बिनसाखरेचा.' मग नवरात्रभर रोज संध्याकाळी देवळात चालत जाणं, जाऊन-येऊन पाऊण तास, आणि ते नंतरही चालूच राहिलेलं. घामाचे दोन्ही दिवसही लिहिलेले होते. दोन्ही दिवशी भजनाची तयारी म्हणून सकाळचा नाश्ता राहिलेला. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि तीनही पानं पहिल्यापासून वाचली. मी काही म्हटलं नाही. आई आतून म्हणाली, "भात मीच बंद केला, पाल्याला कशाला श्रेय?"

जेवणानंतरची साखर त्या दुपारी पहिल्यांदाच बघितली. २३४.

सोमवारी डॉक्टरांकडे अण्णांनी स्वतः फांदी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड कमी केली, संध्याकाळचं मेटफॉर्मिन पुन्हा चालू केलं, सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही असं बजावलं. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ७.९ टक्के आली. सीबीसी ठीक आहे, पांढऱ्या पेशी ५,२००. क्रिएटिनिन आणि लिव्हरही ठीक. सिस्टर, बी १२ मात्र खूपच कमी निघालं, १६८. त्याची इंजेक्शनं सुरू झाली आहेत, चार झाली. पायाच्या मुंग्या थोड्या कमी वाटतात म्हणतात. तळव्याला नायलॉनचा धागा टोचून बघितला, डाव्या अंगठ्याला कळला नाही. त्यामुळे घरातही चप्पल घालायला सांगितलंय आणि रोज रात्री आई त्यांचे तळवे बघते.

पाला बंद आहे. अण्णांनी डायरीत तारीख घालून लिहिलंय, 'सदाफुली बंद.' भजनी मंडळातल्या त्या काकांनाही त्यांनी पाकिटाची गोष्ट सांगितली, आणि तेही ग्लिमेपिराइड घेतात असं कळल्यावर त्यांना साखर मोजायला आपल्या घरी घेऊन आले.

गडग्याच्या खालच्या फांद्या भावानं छाटल्या. वरची फुलं अण्णा देवाला नेतात. पुतण्याला त्यांनी सांगितलंय की ही फुलं देवाची, आपण खायची नाहीत. तो आता त्यांच्या मागे ताम्हण धरून उभा राहतो.

सिस्टर, एक विचारायचं होतं. तळवे बघताना आईनं नक्की काय काय बघायचं? तिला फक्त जखमच कळते. भेग, रंग, सूज ह्यातलं काय दिसलं तर लगेच न्यायचं?


निवृत्त सिस्टर, देवगड

आईंना सांगा, बोटांच्या बेचक्यांत आधी बघा, ओलसर पांढरं दिसतंय का. मग टाचेच्या भेगा, त्यातून रक्त किंवा पाणी येतंय का. एखादा भाग दुसऱ्या पायापेक्षा लाल किंवा गरम लागला, फोड आला, नखाशी काळं दिसलं तर दुसऱ्या दिवशीची वाट बघायची नाही. गरम पाण्यात पाय बुडवायचे झाले तर पाणी आधी आईंनी स्वतःच्या कोपरानं बघायचं, अण्णांच्या पायाला ते कळणार नाही. तेल लावा, बेचक्यांत मात्र नको. आणि घट्टे ब्लेडनं कापायचे नाहीत.